किरकोळ

"किरकोळ ऑपरेशन आहे रे! सकाळी नागपूरला जाऊ, संध्याकाळी उमरेडला परत," ताई म्हणाली. मराठीचा मास्तर असूनही तो शब्द मला तेव्हा खटकला नाही. वास्तविक किरकोळ हा वाण्याच्या दुकानातला शब्द. तिथे जिन्नस सुटा मिळतो. देह तसा सुटा होत नाही, हे मला भाच्याच्या हर्नियाने शिकविले.

दवाखान्यात भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी विचारपूस आरंभली. दमा आहे का? औषधे कोणती चालू आहेत? आम्ही "नाही, नाही" म्हणत सुटलो. मग त्यांनी विचारले, "सिकलसेलची तपासणी झाली आहे?"

ताई गप्प. मीही गप्प. भाच्याचे कार्ड तिच्या कपाटात साड्यांखाली दडले होते. भाचीच्या लग्नाची बोलणी चालू होती ना! अखेर मीच तोंड उघडले. ताईने ज्या नजरेने पाहिले, तिचा धसका अजून गेलेला नाही.

बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "या आजारात प्राणवायू कमी पडला, अंगातले पाणी आटले किंवा गारठा लागला, की तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. उपाशी पोट, थंडगार खोली आणि भूल! चीर लहान असली, तरी हे सगळे तिच्याबरोबर येतेच."

त्या दिवशी ऑपरेशन झाले नाही. पुढे मोठ्या इस्पितळात, आधीपासून सलाइन लावून, उबेत ठेवून, दोन रात्री मुक्काम करून ते सुखरूप पार पडले.

हा आजार विदर्भाला नवा नाही. मध्य भारतातल्या सिकलसेलवर शुक्ला आणि सोळंकी यांनी 'लॅन्सेट'मध्ये लिहिले, ते १९५८ साली. नुसत्या वाहकाला सहसा धोका नसतो, तरी सांगावे. मधुमेह, रक्तदाब, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, फार काय, रात्रीचे जोराचे घोरणेदेखील सांगावे. ठाऊक असले, तर डॉक्टर बंदोबस्त करतात; पुष्कळांना त्याच दिवशी घरीही धाडतात. दडविलेल्या दुखण्याचा बंदोबस्त कोण करणार?

ताई महिनाभर माझ्याशी धड बोलली नाही. भाचीने मात्र आपण होऊन रक्त तपासून घेतले, आणि मुलाकडच्यांनाही तपासायला सांगितले. दोघेही वाहक असले, तर प्रत्येक अपत्याला हा आजार होण्याचा संभव चारांत एक, हे तिला ठाऊक होते.

परवा ताईकडून फराळाचा डबा आला. घेऊन आला तो भाचा, सायकल दामटीत.