खोतीचा हिशेब कोणी मांडायचा?



कोकणातल्या चित्पावन खोत घराण्यांची कौतुके पुन्हा ऐकू येऊ लागली आहेत. खोताने गाव वसवले, बागा लावल्या, देवळे बांधली, अडल्यानडल्याला धान्य दिले. दिले असेल. आमचा सवाल एवढाच, की ते धान्य पिकवले कोणी?

खोत हा सरकारचा वसुलीदार. सारा रोखीने भरायचा आणि कुळाकडून धान्य घ्यायचे. पीक उभे असतानाच अभावणी व्हायची, म्हणजे नजरेने अंदाज. अंदाज खोताचा, घाम कुळाचा. कूळ अर्धेल असेल तर निम्मे पीक वाड्यावर, आणि वर वेठ. त्यात खोती भाऊबंदांत वाटलेली, कारभार पाळीपाळीने. ज्याची पाळी त्याने सालभरात हात मारून घ्यावा. पुढच्या सालाची फिकीर त्याला कशाला?

इंग्रज सरकारला सारा बिनबोभाट हवा होता. १८८० च्या खोती कायद्यानेही खोत मधे उभा राहिलाच. कायदा सुधारण्याची चर्चा निघाली तेव्हा, १८९९ साली, टिळकांच्या 'केसरी'ने खोतांची बाजू घेतली. त्या स्वराज्यात कुळाची जागा कोणती, हे विचारायला नको?

सगळे पाप ब्राह्मणांच्या माथी मारून मोकळे होणाऱ्यांनाही आमचे सांगणे आहे. खोती पेशव्यांच्या आधीची, आदिलशाहीतली. खोतांत मराठे होते, मुसलमानही होते. मराठा खोताच्या दारातली वेठ काही गोड नव्हती. जात बघून भांडाल तर वसुलीची रीत सुटून जाईल.

कुळे गप्प बसली नाहीत. अलिबागजवळ चरीला १९३३ साली नारायण नागू पाटलांच्या पाठीशी उभे राहून त्यांनी खोतांची जमीन कसायचे सोडले. १९३९ पर्यंत! शेते ओस, चुली थंड. लाकूडफाटा विकून दिवस काढले, पण नांगर धरला नाही. १७ सप्टेंबर १९३७ रोजी डॉ. आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले. १० जानेवारी १९३८ ला हजारो शेतकरी मुंबईत मोर्च्याने धडकले. तरी खोती मोडणारा कायदा व्हायला १९४९ साल उजाडले.

वाड्यांचे फोटो छापून येतात. कुळांचे कागद माळ्यावर कसर खात पडले आहेत. पुढच्या जिल्हा बैठकीला येताना घरात जुनी कबुलायत, धान्याची पावती असेल तर घेऊन या. म्हाताऱ्या माणसांना खंडी-मणांचे आकडे आठवत असतील तर उतरवून आणा. मूळ कागद मात्र कोणाच्या हाती देऊ नका, नक्कल द्या.