आभाय भरलं, पानी कुठे अडलं?

जुलैत पावसानं दोन-तीन आठवडे दडी मारली की आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. ‘सरकार कृत्रिम पाऊस का पाडत नाही?’ प्रश्न रास्त आहे. कपाशी वर आलेली असते, बियाण्या-खताला पैसे गेलेले असतात आणि घरात दुबार पेरणीचा विषय निघू लागलेला असतो. वर बघावं तर आभाय भरलेलं. मग विमान उडवायला काय हरकत आहे?

उत्तर शोधायचं तर आधी ढगात काय चालतं ते बघावं लागेल.

ढगालाही धूळ लागते

नुसत्या वाफेचा ढग होत नाही. वाफेला चिकटायला काहीतरी लागतं. धूळ, धूर, समुद्राच्या मिठाचे कण, असं काहीही. हवेत तरंगणाऱ्या या कणांना एरोसोल म्हणतात. ढगातला थेंब साधारण ०.०२ मिलिमीटरचा, तर पावसाचा थेंब २ मिलिमीटरचा. म्हणजे पावसाचा एक थेंब व्हायला ढगातले जवळपास दहा लाख थेंब एक व्हावे लागतात.

गंमत इथेच आहे. हवेत बारीक कण फार झाले तर तेवढंच पाणी जास्त थेंबांत वाटलं जातं. थेंब लहान राहतात, एकमेकांवर आदळून मोठे होत नाहीत आणि ढग न बरसताच पुढे जातो. उंच वाढणाऱ्या ढगांत बर्फही बनतो, तिथलं गणित आणखी वेगळं. कृत्रिम पावसात याच्या उलट करतात. ढगाच्या तळाशी पाणी ओढून घेणारे मिठाचे मोठे कण सोडतात, म्हणजे थेंब लवकर मोठे होतात. थोडक्यात, विमान ढग आणत नाही. असलेल्या ढगाला फक्त हातभार लावतं.

सोलापूरचा हिशोब

हा हातभार किती, हे महाराष्ट्रातच मोजलं गेलंय. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं (आयआयटीएम) २०१७ ते २०१९ या काळात सोलापूर भागात प्रयोग केला. सोलापूरही आपल्यासारखंच सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतलं. २७६ ढग निवडले. काहींत कॅल्शियम क्लोराइडचे कण सोडले, काही मुद्दाम तसेच ठेवले आणि मग तुलना केली. २०२३ मध्ये निष्कर्ष आले: वाऱ्याच्या दिशेनं सुमारे १०० चौरस किलोमीटर भागात पाऊस सरासरी १८ टक्के वाढला. वाढलेल्या पाण्याचा खर्च लिटरला साधारण १८ पैसे.

१८ पैसे ऐकून स्वस्त वाटतं ना? आता शेतात उतरवून बघा. एका एकरावर २५ मिलिमीटर पाऊस म्हणजे अंदाजे एक लाख लिटर पाणी. १८ पैशांनी झाले १८ हजार रुपये, फक्त एका एकराचे. देशी विमान वापरलं तर खर्च निम्म्याहून खाली येईल, असं शास्त्रज्ञ सांगतात. तरीही प्यायच्या पाण्यासाठी हा विचार करता येईल, पण कपाशी जगवायला हा दर परवडणारा नाही.

दुसरी बाजू दिल्लीनं दाखवली. २८ ऑक्टोबर २०२५ ला तिथं आयआयटी कानपूरच्या मदतीनं विमान उडालं, कण सोडले गेले, पाऊस काही आला नाही. ढगांत ओलावाच जेमतेम १५ ते २० टक्के होता.

आपल्याकडेही मे २०१९ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं कृत्रिम पावसासाठी ३० कोटी मंजूर केले होते आणि औरंगाबादहून विमानं उडाली होती. पण दिसेल त्या चांगल्या ढगात कण सोडत गेलो, तर तुलना कशाशी करणार? पाऊस विमानामुळे पडला की तसाही पडणार होता, हे मग सांगता येत नाही.

खाली बघायचं राहिलं

आपण वर विमान मागतो, पण खालून हवेत काय सोडतो? २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत जळगावचं नाव आहे. म्हणजे इथल्या हवेतले कण वर्षानुवर्षं मर्यादेबाहेर आहेत, हे सरकारनंच मान्य केलंय. उखडलेल्या रस्त्यांची धूळ, पेटवलेला कचरा, वाहनांचा धूर आपण रोज बघतो. भुसावळजवळ दीपनगरला कोळशावर वीज बनते. कोळशाच्या धुरातल्या गंधकाच्या वायूपासून हवेत सल्फेटचे बारीक कण तयार होतात. धुळे त्या यादीत नाही, पण वारा काही जिल्ह्याची हद्द पाळत नाही. हे कण छातीत जातात हे सगळ्यांना माहीत आहे. तेच वर ढगातही जातात, हे मात्र कुणी बोलत नाही.

गंधकाची हीच गोष्ट शुक्रावर टोकाला गेलीय. तो अख्खा ग्रह गंधकाम्लाच्या ढगांनी झाकलेला आहे. तिथं वर पाऊस पडतो, पण जमिनीवर पोचण्याआधीच वाफ होऊन जातो. हे वातावरण अभ्यासायला इस्रोचं यान जाणार आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रानं त्यासाठी १,२३६ कोटी मंजूर केले आणि उड्डाण मार्च २०२८ ला ठरलंय. अभिमानाचीच गोष्ट आहे. पण तापीच्या खोऱ्यावरच्या ढगांनाही असाच कुणीतरी अभ्यासू वाली हवा.

आयआयटीएमनं २०१२ पासून महाबळेश्वरला ढगांची प्रयोगशाळा चालवलीय. तिथली हवा वेगळी, आपली वेगळी. जळगावात विद्यापीठ आहे, विमानतळ आहे, भौतिकशास्त्र आणि पर्यावरण शिकणारी पोरं-पोरी आहेत. पावसाळाभर इथल्या हवेतले कण आणि ढग मोजण्याचं काम इथूनच सुरू होऊ शकतं.

तेव्हा पुढच्या वेळी ‘विमान कधी?’ असा मेसेज आला तर तो पुढे ढकलण्याआधी तीन प्रश्न जोडू या. ढगात ओलावा किती आहे? हवेत कण किती आणि कसले आहेत? आणि पाऊस वाढला की नाही, हे मोजणार कोण? याची उत्तरं नसतील तर विमान उडेल, फोटो छापून येतील आणि कपाशी तशीच वाट बघत राहील.