वेलांटीला जागा द्या

रामनवमीच्या सुमारास वाशीम जिल्ह्यातल्या पोहरादेवीत गर्दी लोटते. मानोरा तालुक्यातले हे गाव म्हणजे बंजारा समाजाची काशी. संत सेवालाल महाराजांची समाधी इथेच. स्वागताच्या कमानी, भंडाऱ्याचे फलक, पालख्यांवरची नावे... सुलेखनी वळणाचा डिस्प्ले फॉन्ट लागतो तो अशा ठिकाणी. आपण फॉन्टचे नमुनापत्रक करताना मात्र लग्नपत्रिकेपलीकडे फारसे पाहत नाही.

‘पोहरादेवी’ हे नाव घेऊन बसा. जोडाक्षर एकही नाही, तरी शिरोरेषेवर दाटी होते. ‘दे’च्या मात्रेला खेटून ‘वी’ची वेलांटी कमान टाकते, आणि सुलेखनात ती कमान लांबवायचा मोह सुटत नाही. हाताने लिहिणारा मात्रा जरा आखडती घेतो, वेलांटी तिच्यावरून नेतो. सुलेखनकार कमल शेडगे नाटकाचे शीर्षक रेखाटत तेव्हा असा तोडगा त्या एका नावापुरता निघाला की पुरे होई. फॉन्टमधल्या वेलांटीला शेकडो शेजारी. होळीत बंजारा तांड्यांवर गातात ती लेंगीच घ्या. हा शब्द लिहिताना मात्रा, अनुस्वार आणि लगेच वेलांटी, तिघांनाही तेवढ्याच जागेत बसायचे असते. अक्षराच्या रुंदीप्रमाणे वेलांटीची वेगवेगळी रूपे आणि शेजार ओळखून रूप बदलणारे ओपनटाइपचे नियम हे काम आधी करायला हवे. वेलबुट्टी त्यानंतर.

वळण कुठून घ्यायचे, यावरही आमचे मत ठाम आहे. देवनागरीसाठीचा बोरू रोमन लिपीच्या रुंद टाकाच्या उलट तिरका कापतात. म्हणून उजवीकडून डावीकडे उतरणारी रेघ भरते, डावीकडून उजवीकडे उतरणारी बारीक होते. इंग्रजी कॉपरप्लेटचा जाड-बारीकपणा तसाच चढवला तर अक्षर नाजूक दिसते, पण आपले वाटत नाही. ‘एक टाइप’ या संस्थेच्या ‘जैनी’ फॉन्टने कल्पसूत्राच्या पोथ्यांकडून वळण घेतले, आणि त्याचा ठसका वेगळा उमटला. धावते अक्षर हवे असेल तर मोडी आहेच: शिरोरेषा आधी ओढायची, मग हात शक्यतो न उचलता लिहीत जायचे. एवढा वारसा असताना लफ्फेदारपणा बाहेरून कशाला आणायचा?

आता फ्लेक्सचे दुकान. तिथे युनिकोडपूर्व फॉन्ट अजून चालतात, मात्रा-वेलांट्या नजरेने जुळवल्या जातात, आणि यात्रेच्या आदल्या रात्री पर्यायी अक्षररूपे शोधायला कुणालाही सवड नसते. तेव्हा फॉन्टचे पहिले, न मागता मिळणारे रूपच धावत्या जीपमधून वाचता आले पाहिजे. लांब शेपट्या ज्याला हव्यात त्याने मागून घ्याव्यात.

पुढच्या नमुनापत्रकात ‘शुभविवाह’च्या जोडीला पोहरादेवी, सेवालाल, याडी (आई), लेंगी, नगारा हे शब्द ठेवा. बंजारा समाजाच्या गोरबोलीसाठी महाराष्ट्रात देवनागरीच वापरतात. तिच्यातली चार-सहा वाक्ये तांड्यावरच्या जाणत्या माणसाकडून लिहून घ्या, कमानीच्या मापात छापा, त्यालाच लांबून वाचायला सांगा, आणि तो जिथे अडखळेल तिथली अक्षरे पुन्हा घडवायला घ्या.