घर घेणाऱ्याचा गुन्हा कोणता?

२०२५ ची गणेश चतुर्थी उजाडण्यापूर्वी, २६ ऑगस्टच्या मध्यरात्री, विरार पूर्वेच्या विजयनगर भागातील रमाबाई अपार्टमेंट या चार मजली इमारतीचा एक भाग कोसळला आणि १७ माणसे ढिगाऱ्याखाली मेली. इमारत अनधिकृत होती, असे लगोलग जाहीर झाले. त्याआधी सात महिने, जानेवारी २०२५ मध्ये, नालासोपारा पूर्वेच्या अग्रवाल नगरी परिसरातील ४१ इमारतींपैकी उरलेल्या ३४ इमारतींवर महापालिकेचे बुलडोझर चालले. पहिल्या सात इमारती नोव्हेंबर २०२४ मध्येच पाडल्या होत्या. जमीन कचराभूमी आणि सांडपाणी प्रक्रिया केंद्रासाठी राखून ठेवलेली, त्यामुळे जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पाडण्याचा आदेश दिला. सर्वोच्च न्यायालयातही रहिवाशांना दिलासा मिळाला नाही. सुमारे अडीच हजार कुटुंबे रस्त्यावर आली.

एका ठिकाणी इमारत आपणहून पडली, दुसऱ्या ठिकाणी ती पाडावी लागली. दोन्ही ठिकाणी ‘अनधिकृत’ हा एकच शब्द वापरला गेला, आणि तो शब्द चिकटला रहिवाशाला. जणू जमीन त्याने बळकावली, नकाशे त्याने रंगवले आणि स्लॅबमधले लोखंडही त्यानेच चोरले! वास्तविक त्याने केले ते इतकेच की गावची जमीन वा बायकोचे दागिने विकून, पतपेढीचे कर्ज काढून त्याने एक घर विकत घेतले. तेव्हा घर विकत घेणे हा गुन्हा आहे काय, आणि नसेल तर त्याची शिक्षा तो का भोगतो आहे, या प्रश्नाला सरकारने सरळ उत्तर दिले पाहिजे.

माणसे येथे का आली?

वसई-विरारला माणसे हौसेने आली नाहीत. १९८२ च्या संपानंतर गिरणगावातून उखडलेल्या कामगारांची कुटुंबे नालासोपारा-विरारकडे सरकली. चाळीतली खोली पुरेना आणि मुंबईतले घर परवडेना म्हणून कारकून, शिक्षक, शिपाई, फेरीवाले लोकलच्या मार्गाने उत्तरेकडे ढकलले गेले. १९८८ साली वसईच्या हरित पट्ट्यातील मोठे क्षेत्र बांधकामाला खुले करण्यात आले. तेव्हा हरित वसई संरक्षण समितीने फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने जो लढा दिला, त्याला काही लोकांनी विकासविरोधी म्हणून हिणवले. त्या लढ्याने विचारलेला प्रश्न मात्र साधा होता : एवढी वस्ती येणार तर पाणी, गटारे आणि रस्ते कुठून येणार? १९९० पासून सिडको येथे नियोजन प्राधिकरण होती, २००९ साली महापालिका झाली, २०१४ साली पालघर जिल्हा झाला. कार्यालये वाढली, खुर्च्या वाढल्या. त्या प्रश्नाचे उत्तर मात्र मिळाले नाही, आणि अग्रवाल नगरीत सांडपाणी केंद्राच्या जागेवरच माणसे राहायला गेली.

कागदांचा चक्रव्यूह

आता घर घेणाऱ्या सामान्य माणसाची वाट पाहावी. सातबारा तलाठ्याकडे, बिनशेती परवानगी महसूल खात्याकडे, बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र आणि भोगवटा प्रमाणपत्र पालिकेकडे, प्रकल्पाची नोंद महारेराकडे, साठेखताची नोंदणी दुय्यम निबंधकाकडे, सोसायटीची नोंदणी सहकार खात्याकडे. सहा दारे, आणि एका दाराला दुसऱ्या दाराची खबर नाही. दुय्यम निबंधक नोंदणीची फी घेतो, मुद्रांक शुल्क सरकारजमा होते, अंगठ्याचा ठसा आणि छायाचित्र घेतले जाते. एवढ्या सोपस्कारानंतर घर आपले झाले असे ज्याला वाटते, त्याला हे कोणी सांगत नाही की नोंदणी होते ती दस्ताची. विकणाऱ्याचा मालकी हक्क खरा आहे किंवा काय, याची हमी नोंदणी कायदा देत नाही. सरकार व्यवहाराचे शुल्क घेते आणि व्यवहाराच्या खरेपणाची जबाबदारी घेत नाही. बनावट शिक्के आणि बनावट परवानग्या वापरून इमारती उभ्या केल्याचे २०२३ साली विरार पोलिसांच्या तपासात उघड झाले. ते कागद ओळखण्याचे साधन ज्या कार्यालयांकडे होते त्यांनी ओळखले नाहीत, आणि ग्राहकाने मात्र ते ओळखायला हवे होते, असे आज सांगण्यात येते.

कायदे नाहीत म्हणून हे घडते, असेही नाही. १९६३ च्या मोफा कायद्याने सहा दशकांपूर्वीच सांगून ठेवले की किमतीच्या २० टक्क्यांहून अधिक रक्कम घेण्यापूर्वी लेखी करार करून तो नोंदवला पाहिजे. २०१६ च्या रेरा कायद्याने ही मर्यादा १० टक्क्यांवर आणली. पूर्णत्वाचा दाखला मिळाल्याशिवाय बिल्डरने ताबा देऊ नये, असे मोफा सांगतो, आणि त्याच कलमात दाखल्याशिवाय कोणी ताबा घेऊही नये असे म्हणतो. एकीकडे भाडे आणि दुसरीकडे कर्जाचा हप्ता भरणारा माणूस बिल्डरने किल्ली पुढे केली असता ‘दाखला आणा, मग येतो’ असे म्हणू शकेल काय? तो राहायला जातो आणि कायद्याच्या दृष्टीने त्या दिवसापासून तोही चुकार ठरतो. पुढे घरपट्टीचे बिल येते. महापालिका अधिनियमाच्या कलम २६७अ प्रमाणे अनधिकृत बांधकामावर करासोबत शास्तीही आकारता येते, आणि ती भरल्याने बांधकाम अधिकृत होत नाही, हेही तेथेच लिहिलेले आहे.

तक्रार करावी तर रेराचा दरवाजा उघडा आहे. तक्रारीचा निकाल साठ दिवसांत लावण्याचे उद्दिष्ट कायद्यात आहे. निकाल ग्राहकाच्या बाजूने लागला तरी पैसे हाती पडत नाहीत. वसुलीचे वॉरंट जिल्हाधिकाऱ्यांकडे जाते, तेथून तहसीलदाराकडे. शेतकऱ्याच्या थकलेल्या सारा-कर्जासाठी ज्या यंत्रणेचे पाय झपझप चालतात, त्याच यंत्रणेचे पाय बिल्डरच्या दारी जाताना जड होतात.

विकणाऱ्याचीही सुटका नाही. निवृत्त होऊन गावी जाऊ इच्छिणारा, मुलीच्या लग्नासाठी वा आजारपणासाठी पैसा उभा करू पाहणारा माणूस गिऱ्हाईक शोधतो, बयाणा घेतो आणि मग अडकतो. १७ डिसेंबर २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की पूर्णत्वाचा वा भोगवट्याचा दाखला तपासूनच बँकांनी इमारतीवर कर्ज द्यावे. पुढच्या ग्राहकाच्या दृष्टीने हा आदेश योग्यच आहे. पण ज्याने पंधरा वर्षांपूर्वी घर घेतले आणि ज्याच्या बिल्डरने तो दाखला आणलाच नाही, त्याच्या घराला आता कर्जदार ग्राहक उरत नाही. उरतो तो रोख पैसेवाला, आणि तो पडेल भावाने मागतो. त्यात सोसायटीचे ‘ना हरकत’ अडवून ठेवणारे पदाधिकारी असतात. आदर्श उपविधींप्रमाणे हस्तांतरणासाठी असल्या पत्राची आवश्यकता नाही आणि हस्तांतरणाचे अधिमूल्य महापालिका क्षेत्रात २५ हजार रुपयांच्या वर घेता येत नाही. हे ठाऊक नसल्यामुळे ‘विकासनिधी’च्या नावाखाली दुप्पट-तिप्पट रक्कम मोजून माणसे मोकळी होतात. लूट करणारा प्रत्येक वेळी धनदांडगाच असतो असे नाही, कधी तो शेजारच्या जिन्यावरही राहतो, याची नोंद चळवळीने प्रामाणिकपणे घ्यावी.

या सगळ्याचा कळस म्हणजे अभिहस्तांतरण. सोसायटी स्थापन झाल्यावर चार महिन्यांत जमीन आणि इमारत तिच्या नावे करून देणे हे मोफाखालील नियमांनुसार बिल्डरचे कर्तव्य. ते बहुतेकांनी पाळले नाही, म्हणून २००८ साली कायदा दुरुस्त करून मानीव अभिहस्तांतरणाची सोय झाली. त्यासाठी अर्ज कोणी करायचा? सोसायटीने. मंजूर नकाशे, सातबारा, करारांच्या प्रती, वास्तुविशारदाचा दाखला कोणी जमवायचा? सोसायटीने. वकिलाची फी? तीही सोसायटीची. कर्तव्य चुकवले बिल्डरने आणि खेटे घालायचे रहिवाशांनी! जमीन मात्र तोवर दुसऱ्याच्या नावावर राहते आणि उद्याच्या पुनर्विकासाचे, वाढीव चटईक्षेत्राचे घबाड त्याच्या हाती राहते. दिरंगाई का होते, याचा उलगडा येथे होतो. जी फाइल वर्षानुवर्षे हलत नाही, ती न हलण्यात कोणाचा तरी फायदा असतो. अग्रवाल नगरीच्या याच ४१ इमारतींच्या प्रकरणात मे २०२५ मध्ये सक्तवसुली संचालनालयाने पालिकेच्या नगररचना उपसंचालकाशी संबंधित जागांसह अनेक ठिकाणी छापे घातले, तेव्हा सुमारे ९ कोटी रुपये रोख आणि २३ कोटींहून अधिक किमतीचे दागिने व सोने सापडल्याचे संचालनालयाने जाहीर केले. दोष कोणाचा हे न्यायालय ठरवील. परवानगीच्या कागदाला किती मोल चढलेले असते, याची कल्पना येण्यास एवढे पुरे आहे.

स्वस्ताचा मोह की पर्यायाचा अभाव?

‘लोकांनी स्वस्त पाहून घर घेतले, आता भोगावे’ असे म्हणणारे शहाणे पुष्कळ आहेत. त्यांनी विरार-बोळींजकडे पाहावे. तेथे म्हाडाने हजारो घरांची वसाहत बांधली. सर्व परवानग्या असलेली, सरकारने बांधलेली ही घरे, आणि वारंवार सोडती काढूनही त्यांतली हजारो घरे वर्षानुवर्षे विक्रीविना पडून होती. पाण्याची वानवा होती आणि किंमत ज्यांना घर हवे त्यांच्या आवाक्यात नव्हती. एका बाजूला अधिकृत घरे रिकामी आणि काही किलोमीटरवर अनधिकृत इमारतींत माणसे खच्चून भरलेली, हे चित्र ज्या नियोजनाने निर्माण केले त्याला लोकांच्या मोहाला दोष देण्याचा अधिकार नाही.

पर्याय अशक्य होता असेही नाही. १९७६ च्या नागरी जमीन कमाल मर्यादा कायद्याच्या आधारे मृणाल गोरे आणि बाबूराव सामंत यांच्या नागरी निवारा परिषदेने गोरेगाव-दिंडोशीला सहा हजारांहून अधिक घरे उभी करून दाखवली. जमीन नफ्याच्या हिशेबातून बाहेर काढली तर मध्यम आणि अल्प उत्पन्नाच्या माणसाला घर मिळते, हे त्या प्रयोगाने सिद्ध केले. तो कायदा २००७ च्या अखेरीस महाराष्ट्रात रद्द झाला. त्याने जमिनी खुल्या होतील आणि घरे स्वस्त होतील, असे तेव्हा सांगण्यात आले होते. घरे किती स्वस्त झाली, ते नालासोपाऱ्याच्या ढिगाऱ्यावर उभे राहून पाहावे.

प्रश्न उरतो तो असा की अनधिकृत इमारतींचे करायचे काय? येथे टाळ्यांची घोषणा देणे सोपे आहे. ‘एकही घर पाडू देणार नाही’ म्हटले की सभा जिंकता येते. पण ज्या इमारतीत उद्या रमाबाई अपार्टमेंट घडू शकते ती टिकवणे म्हणजे रहिवाशाचे रक्षण नव्हे. सांडपाणी केंद्राची राखीव जागाही अखेर कष्टकऱ्यांच्याच आरोग्यासाठी असते. सरसकट नियमितीकरण केले तर पुढच्या बिल्डरला आजच अभय मिळते. म्हणून मागणी अशी असली पाहिजे : इमारत पाडायची असेल तर आधी पुनर्वसन आणि मगच पाडकाम. त्याचा खर्च बिल्डरच्या आणि परवानगीकडे डोळेझाक करणाऱ्या अधिकाऱ्यांच्या मालमत्तेतून वसूल व्हावा. म्हाडाची रिकामी घरे अशा कुटुंबांना हप्त्याने आणि परवडणाऱ्या किमतीत मिळावीत. ज्या इमारती सुरक्षित आहेत आणि आरक्षणावर नाहीत, त्यांचा विचार इमारतनिहाय, उघड निकषांवर व्हावा. परवानगी, आरक्षण आणि मालकी यांची माहिती सर्व्हे नंबरवार एका ठिकाणी मराठीत उपलब्ध व्हावी आणि ती जुळल्याशिवाय दुय्यम निबंधकाने दस्त नोंदवू नये, अशी तरतूद कायद्यात व्हावी. आणि अभिहस्तांतरण सोसायटीच्या अर्जावर अवलंबून न ठेवता मुदत संपताच सहकार खात्याने स्वतःहून करून द्यावे.

या मागण्या निवेदनात लिहून मंत्रालयात देऊन आल्याने काम संपत नाही. कार्यकर्ते आजवर बहुधा बुलडोझर आल्यावर पोचले. त्या वेळी हाती उरते ती फक्त सहानुभूती. त्याऐवजी वसई, नालासोपारा, नवघर-माणिकपूर, विरार येथील प्रत्येक शाखेने आठवड्यातून एक संध्याकाळ कागद वाचण्यासाठी ठेवावी. बयाणा देण्यापूर्वी माणसाला सातबारा, प्रारंभ प्रमाणपत्र आणि आरक्षणाचा नकाशा दाखवावा. ज्या सोसायट्यांचे अभिहस्तांतरण रखडले आहे त्यांचे अर्ज एकत्र दाखल करावेत. माहितीचा अधिकार वापरून प्रभागातील परवानग्यांची यादी फलकावर लावावी. हे काम मोर्च्याइतके गाजणार नाही, त्याला छायाचित्रकार येणार नाहीत. परंतु एकटा माणूस सहा दारांपुढे हतबल होतो आणि चाळीस कुटुंबे एकत्र गेली की तीच दारे उघडू लागतात, हा संघटनेचा जुना अनुभव आहे. अग्रवाल नगरीतील कुटुंबांना घर घेताना असे कोणी सोबत मिळाले असते, तर आज त्यांतली काही तरी आपल्या छपराखाली असती. पुढच्या खरेदीखतावर सही होण्यापूर्वी शाखा तेथे पोचली पाहिजे.