आबांचा तंबोरा आणि भीमाकाठचा भोपळा



सुगी उरकली, भात कणगीत पडले, नाचणीही झोडून झाली. माझी चार दिवसांची रजा शिल्लक होती. दरवर्षी ती रजा बांधावरचे गवत काढण्यात आणि लग्नाच्या पंगतीत जाते. यंदा आबा म्हणाले, "मला एकदा मिरजेला न्हे. खाँसाहेबांच्या पायाशी बसून येतो." आबांचे वय चौऱ्याऐंशी. नाही म्हणणार कसे?

खाँसाहेब म्हणजे किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ. त्यांचा जन्म १८७२ सालचा, उत्तरेकडच्या कैराना गावचा. पण कर्मभूमी आपल्या दक्षिण महाराष्ट्राची. सवाई गंधर्व त्यांचे शिष्य, हिराबाई बडोदेकर त्यांची कन्या. भीमसेन जोशी लहान असताना खाँसाहेबांच्या झिंझोटीची तबकडी ऐकून वेडे झाले आणि गुरूच्या शोधात घर सोडून निघाले, ही हकीकत तुम्ही ऐकली असेल. आमच्या आबांनी घर सोडले नाही, कारण घरी दोन म्हशी होत्या. पण कोल्हापुरात एका नातेवाइकाकडे तीच तबकडी त्यांनी ऐकली, पुढे मिरजेहून एक जुना तंबोरा आणला आणि गावच्या भजनी मंडळात चाळीस वर्षे तो छेडला. खाँसाहेबांना त्यांनी कधी पाहिले नाही. ते १९३७ सालीच गेले होते.

आम्ही पहाटेच्या एस. टी.ने निघालो. गगनबावडा ते कोल्हापूर सुमारे पंचावन्न किलोमीटर, पुढे मिरजेपर्यंत आगगाडी. बरोबर सौ., थोरली मुलगी आणि चादरीत गुंडाळलेला तंबोरा. तंबोऱ्याचा भोपळा बोटभर तडकला होता. तो कसा तडकला ते पुढे सांगतो. त्यात माझी अब्रू जायची आहे.

मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात खाँसाहेबांची समाधी आहे. ते मद्रासहून पाँडिचेरीकडे निघाले असताना वाटेत छातीत दुखू लागले, म्हणून सिंगपेरुमाळ कोईल या लहानशा स्टेशनावर उतरले. फलाटावर तंबोरा लावायला सांगितला, प्रार्थना केली, गायले आणि तिथेच डोळे मिटले. तो दिवस २७ ऑक्टोबर १९३७. देह मिरजेला आणला. मीरासाहेबांवर त्यांची श्रद्धा होती, उरुसात ते इथे गाऊन सेवा करीत. आजही उरुसाच्या वेळी त्यांच्या स्मरणार्थ इथे गाणे होते आणि मोठमोठे कलावंत बिदागी न घेता हजेरी लावून जातात.

आम्ही गेलो तेव्हा उरूस नव्हता, गर्दीही नव्हती. आबांनी डोक्यावर टॉवेल बांधला आणि समाधीपाशी टेकले. मला वाटले, डोळ्यांत पाणी येईल, काही बोलतील. ते काहीच बोलले नाहीत. बऱ्याच वेळाने म्हणाले, "हितंच गायचे व्हय?" मी मान हलवली. मग त्यांनी अगदी हळू, घशातल्या घशात षड्ज लावला. गेली सहा वर्षे त्यांनी गळा काढला नव्हता. सौ.ने मुलीचा हात घट्ट धरलेला मी पाहिला.

तिथून आम्ही सतारमेकरांच्या गल्लीत गेलो. मंडळी, ही गल्ली शेतकऱ्याने पाहावी अशी आहे. हे कारागीर मूळचे शिकलगार. तलवारी, भाले यांना धार लावणारे. इंग्रजी अंमलात हत्यारांचे काम बसले. त्यांच्यातल्या फरीदसाहेबांनी सुमारे १८५० च्या सुमारास तंतुवाद्यांच्या दुरुस्तीत हात घातला, आणि त्यातून ही पिढीजात कला उभी राहिली. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, म्हणजे ते नाव आता दुसऱ्या गावच्या मालाला लावता येत नाही.

तिथे छताला भोपळे टांगलेले! हा आपला दुधीच, पण कडू जातीचा आणि जाड सालीचा. पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूला भीमाकाठी तो पिकवतात. फळ वेलावरच पूर्ण पिकवून वाळवतात. मग कारागीर तोंड कापून ते पाण्यात भिजवतात, आतून काठ्यांचा ताण देऊन आकार देतात आणि पुन्हा वाळवतात. सगळा घुमारा या सालीत.

कारागिराने आबांचा भोपळा बोटाने वाजवला. "गाव कुठलं?"

"गगनबावडा."

"पावसाचा मुलूख. पण हा पावसानं तडकला नाही साहेब. ओल धरल्यावर कुणीतरी धगीजवळ ठेवलाय."

तो मीच. गेल्या आषाढात बुरशी दिसली म्हणून मी तंबोरा चुलीवरच्या माळ्यावर टांगला. कांदे, बियाणे टांगतो तसा. तारा ताणलेल्याच होत्या. बी.एस्सी. ॲग्रीची पदवी भिंतीवर आणि अक्कल चुलीत! तुमच्या घरी वीणा, तंबोरा असेल तर पावसाळ्यात तारा सैल करा, कोरड्या फडक्याने पुसून कापडात गुंडाळा, ओल्या भिंतीला टेकवू नका आणि आगीजवळ नेऊ नका.

"चीर सांधता येईल, पण नाद यायचा नाही. भोपळाच बदलावा लागेल," कारागीर म्हणाला. "एवढ्या घेराचा माल आता कमी येतो. शेतकरी उसाकडे वळला. तुम्ही शेतीखात्यातले ना? त्यांना काही सांगा की."

मी गप्प राहिलो. नोकरीच्या सुरुवातीला माझी नेमणूक मंगळवेढ्याकडे होती. एका वस्तीवर म्हातारे गृहस्थ एकरभर भोपळा लावत. मी कागदावर हिशेब मांडून दाखवला होता: जवळजवळ सारे वर्ष रान अडते, गिऱ्हाईक मूठभर, पाणी आले आहे तर ऊस लावा. त्यांनी ऐकले. हिशेब चूक नव्हता. उसाच्या पैशातून त्यांनी घर बांधले. ते मी कारागिराला सांगितले नाही. परतीच्या गाडीत आबांना सांगितले. आबा म्हणाले, "पोटाला लागतंच की. पर बी तरी ऱ्हायलंय का त्यांच्याकडं?"

आता तुम्ही विचाराल, हा भोपळा आपल्याकडे होईल का? गगनबावड्यात नाही. इथल्या पावसात फळ वेलावरच सडेल. ज्यांचे पाहुणे भीमाकाठी आहेत त्यांना मात्र सांगा: आधी मिरजेला जाऊन कारागिराशी बोलावे, मग गुंठा-दोन गुंठ्यांत लावावा. आणि एक गोष्ट ध्यानात ठेवा. शेजारी खायचा दुधी असेल तर त्याचे बी धरू नका. दोन्हींचा संकर होतो आणि पुढच्या वर्षी गोड दुधी कडू निघतो. कडू दुधीच्या रसाने माणसे दगावली आहेत. चव कडू लागली की भाजी खुशाल टाकून द्यावी.

तंबोरा मिरजेलाच ठेवला आहे. उन्हाळ्याच्या तोंडाला नवा माल येईल, तेव्हा निरोप धाडतो असे कारागीर म्हणाले. थोरलीने मोबाइलवर तंबोऱ्याचा सूर लावून दिला आहे, आबा तो ऐकतात. "माशी घोंगावल्यागत हाय," म्हणतात, पण ऐकतात.

मंगळवेढ्याच्या त्या वस्तीवर मी पत्र टाकले आहे. म्हातारे आता नसतील. मुलाच्या नावाने लिहिले आणि विचारले, माळ्यावर कुठे जुने बी राहिले आहे का? अजून उत्तर आलेले नाही.