गुडघा, कॅप्सूल आणि लवंगेचे तेल

जुलैत मैदान ओले असते आणि मुलांचे गुडघे फुटतात. या वर्षी एका विद्यार्थ्याच्या दप्तरात आम्हाला अँटिबायोटिकच्या दोन कॅप्सूल सापडल्या. आजोबांच्या औषधातून उरलेल्या. जखम पिकू नये म्हणून आईने दिलेल्या. त्याच आठवड्यात दुसऱ्या एका पालकांनी सुचविले की, शाळेच्या प्रथमोपचार पेटीत लवंगेचे आणि टी ट्रीचे तेल ठेवावे, रसायने नकोत. काळजी दोघांचीही खरी आहे. पण आम्हाला दोन्ही गोष्टी मान्य नाहीत.

१९२८ मध्ये पेनिसिलिन शोधणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनीच १९४५ च्या नोबेल व्याख्यानात बजावले होते की, अपुऱ्या मात्रेने जंतू मरत नाहीत, उलट औषधाला तोंड द्यायला शिकतात. जखमेत पू करणारा स्टॅफिलोकॉकस यात फार पटाईत. मेथिसिलिन हे औषध १९५९ मध्ये आले. १९६१ मध्ये त्याला न जुमानणारा स्टॅफिलोकॉकस इंग्लंडात आढळल्याचे जाहीर झाले. अवघी दोन वर्षे! आपल्याकडे २०१४ पासून कित्येक अँटिबायोटिकांच्या विक्रीची नोंद दुकानदाराला ठेवावी लागते. घरच्या डब्यात उरलेल्या गोळ्यांची नोंद कोण ठेवणार?

तेलांचे प्रकरण जरा वेगळे आहे. लवंगेतील युजेनॉल, ओव्यातील (बाजारात आपण अजवाइनच मागतो) थायमॉल ही द्रव्ये प्रयोगशाळेत जंतूंचे आवरण फोडतात. आजीबाईचा बटवा अगदीच खोटा नव्हता. काही तेले अँटिबायोटिकच्या जोडीला दिल्यास परिणाम वाढतो, असेही तेथे दिसले आहे. पण काचेच्या बशीतला जंतू वेगळा आणि गुडघ्यातला वेगळा. हिरवट पू करणारा स्यूडोमोनास टी ट्री तेलाला फारशी दाद देत नाही. शिवाय निर्भेळ तेल उघड्या जखमेवर लावले तर आग होते, कातडी सुजते; आणि टी ट्रीचे तेल पोटात गेले तर विषारी.

तेव्हा शाळेत वाहते पाणी, साबण, स्वच्छ पट्टी आणि धनुर्वाताच्या लशीची चौकशी, इतकेच होईल. लाली पसरली, पू दिसला, ताप आला की डॉक्टरांकडे जावे, आणि त्यांनी दिलेले औषध त्यांनी सांगितले तितके दिवस घ्यावे.

विश्वस्त मंडळाला एक विनंती. मैदानापासून नळ दोन जिने वर आहे. रक्ताळलेला गुडघा घेऊन मूल तिथवर येत नाही, रुमालाने माती पुसते आणि पुन्हा खेळायला पळते. पावसाळा संपण्याआधी मैदानाच्या कडेला एक नळ बसवून द्यावा. साबणाचे आम्ही पाहू.