स्कूबाला जाताय? दम धरायची सवय किनाऱ्यावर ठेवून या



गेल्या आठवड्यात आपल्याच वाड्यावरची सात-आठ पोरं सोसायटीच्या ऑफिसात आली. म्हणाली, "सेक्रेटरी, पर्यटकांना आम्ही होडीतून बेटावर नेतो. ते पाण्याखाली जाऊन मासे बघून येतात आणि आम्ही वर इंजिन सांभाळत बसतो. आम्हांला पण एकदा खाली जायचं आहे. सोसायटीने ट्रिप काढावी."

बाजूला एक जुने तांडेल डिझेलची पावती घ्यायला बसले होते. ते हसले. "माशाच्या पोराला पोहायला शिकवायला पैसे भरणार? शिनाणे काढताना बुड्या मारतात ते काय आहे मग?"

आम्हीपण हसलो. पण रात्री विचार केला तेव्हा वाटलं, खरा धोका याच बोलण्यात आहे. म्हणून हे लिहीत आहोत.

आमचं मत आधीच सांगतो. पोरांनी जरूर जावं. सोसायटीने ट्रिप काढावी. पण दर्यावर्दी म्हणून नाही, नवशिके म्हणून जावं. आणि जे नियम आपल्या पोरांना, तेच नियम आपल्या होडीत बसणाऱ्या प्रत्येक पर्यटकाला लागू करावेत.

कारण समजून घ्या. खडकावर शिनाणे काढायला किंवा पंख्यात अडकलेलं जाळं सोडवायला आपण बुडी मारतो तेव्हा वरची हवा छातीत भरून, दम धरून जातो. वर आलो की तीच हवा परत तेवढीच होते. स्कूबात तसं नाही. १० मीटर खोल पाण्यात दाब वरच्यापेक्षा दुप्पट असतो, आणि सिलिंडरमधून मिळणारी हवा त्याच दाबाची असते. ती हवा छातीत भरून दम धरलात आणि तसेच वर आलात, तर ती फुगून दुप्पट होते. छाती फुग्यासारखी ताणत नाही, फुप्फुस फाटतं. यासाठी फार खोल जावं लागतं असंही नाही. पुरुषभर पाण्यातूनही घाबरून दम धरून वर झेप घेतली तर हे होऊ शकतं.

म्हणून स्कूबाचा पहिला नियम हा की श्वास कधीच धरायचा नाही, सारखा चालू ठेवायचा. मुंबई-पुण्याच्या पाहुण्याला हे सांगितलं की तो ऐकतो, कारण त्याला दुसरी सवय नसते. आपल्या पोराला दम धरायची सवय लहानपणापासून आहे. घाबरला की त्याचं शरीर आपोआप तेच करणार. म्हणून आपल्या पोराला जास्त शिकवावं लागेल, कमी नाही.

आता ट्रिप कशी ठरवायची ते बघू.

आधी दिवस. जून-जुलैची बंदी संपल्यावर लगेच कोणी जाऊ नये. जुवारी-मांडवीचं गढूळ पाणी अजून दर्यात असतं, हाताएवढं अंतरही धड दिसत नाही. दिवाळीनंतर पाणी निवळतं. त्यातही उधाणाचे दिवस टाळा. अमावास्या-पौर्णिमेला पाण्याला ओढ जास्त, तळचा गाळ उठतो. अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी असतं, ओढ कमी, पाणी जरा साफ. सकाळी लवकर निघायचं, दुपारचा वारा सुटायच्या आत परत यायचं. हे पर्यटकांना कोणी सांगत नाही, शनिवार-रविवार बघून बुकिंग होतं. पण आपल्याकडे कॅलेंडर आहे आणि वाडवडलांची अक्कलही आहे.

मग जागा. आपल्या जवळ वास्कोसमोरचं ग्रँड आयलंड. उत्तरेला मालवण-तारकर्ली. दक्षिणेला मुरुडेश्वरजवळचं नेत्राणी. नेत्राणीचं पाणी जास्त स्वच्छ, पण ते उघड्या दर्यात आहे, होडीचा प्रवास लांब आणि लाट मोठी. पहिल्यांदा जाणाऱ्याने स्वच्छ पाण्यापेक्षा शांत पाण्याला किंमत द्यावी असं आम्हांला वाटतं. ग्रँड आयलंडच्या आडोशाला थोडं कमी दिसेल, पण पोरं घरी सुखरूप येतील.

त्याआधी एक दिवस स्विमिंग पूलमध्ये किंवा उथळ पाण्यात सराव झालाच पाहिजे. मास्कमध्ये पाणी शिरलं तर नाकाने फुंकून बाहेर काढणं, तोंडातलं रेग्युलेटर सुटलं तर परत घेणं, नाक दाबून हळू फुंकून कान मोकळे करणं. कान दुखायला लागला तर जोर करायचा नाही, थोडं वर यायचं, परत प्रयत्न करायचा. एवढं जमलं नाही तर दर्यात उतरायचं नाही. त्यात लाज कसली?

तब्येतीचा फॉर्म खरा भरा. दमा, हृदयाचा त्रास, फिट येणं, कानाचं ऑपरेशन, गरोदरपण यातलं काही असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय नको. साधी सर्दी असली तरी त्या दिवशी नको, कान मोकळे होत नाहीत. आदल्या रात्रीची पार्टी बंद. हे विशेष करून लिहितो, कारण आपण सगळे एकमेकांना ओळखतो.

पॅडी या संस्थेच्या नियमात पहिल्या चाचणी बुडीसाठी वय किमान १० वर्षं, खोली जास्तीत जास्त १२ मीटर आणि दर्यात एका इन्स्ट्रक्टरमागे चारपेक्षा जास्त नवशिके नाहीत. आमचं म्हणणं, आपल्या गढूळ पाण्यात दोनच असावेत. खर्च वाढेल, वाढू दे.

आता बोटमालकांशी थोडं.

मागच्या सीझनला आपल्या एका सभासदाच्या होडीत असाच एक ग्रुप आला होता. ज्याने बुकिंग केलं होतं त्याने माणसं जास्त भरली, इन्स्ट्रक्टर एकच. कोणाला फॉर्म दिला नाही, तब्येतीचं काही विचारलं नाही. एका पाहुण्याच्या नाकातून रक्त आलं, कान दुखून तो रडकुंडीला आला. वर त्याचं त्याच रात्रीचं विमान होतं. कसंबसं निभावलं. पण काही झालं असतं तर बुकिंगवाला बाजूला झाला असता, आणि पोलिसांनी नाव विचारलं असतं ते होडीच्या मालकाचं.

म्हणून बोटमालकांनो, तुम्ही फक्त ड्रायव्हर नाही. मासेमारीच्या नोंदणीवर प्रवासी नेता येत नाहीत. त्यासाठी बंदर खात्याची आणि पर्यटन खात्याची परवानगी लागते. विम्याची पॉलिसी काढून एकदा वाचा, पर्यटक त्यात बसतात का ते बघा. कागद नसतील तर दिवसाच्या दोन-तीन हजारांसाठी घरदार पणाला लावू नका.

आणि कागद असले तरी होडीवर या गोष्टी हव्यातच. माणसं पाण्यात असताना डायव्हिंगचा बावटा वर. पंखा बंद, डोकं मोजून सगळे वर आल्याशिवाय इंजिन चालू नाही. नांगर वाळूत, खडकावर आणि पोवळ्यावर नाही, कारण तिथेच आपल्या माशांची पिल्लं वाढतात. चढायला शिडी, सगळ्यांना लाइफ जॅकेट, ऑक्सिजनचा सिलिंडर. व्हीएचएफ चालू आणि कोस्ट गार्डचा १५५४ नंबर सगळ्या खलाशांना पाठ. यातलं एक जरी नसेल तर होडी सुटणार नाही, असं म्हणायचा हक्क तांडेलाला आहे. तो वापरा.

वर आल्यानंतरचं पण ऐका. दाबाखाली रक्तात नायट्रोजन विरघळतो, तो हळूहळू बाहेर पडायला वेळ लागतो. म्हणून एका बुडीनंतर किमान १२ तास आणि जास्त बुड्या झाल्या तर किमान १८ तास विमानात बसू नये असा सल्ला आहे. आपले बरेच पाहुणे बेळगाव-कोल्हापूरकडचे. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंच आहे, आणि हवेचा दाब कमी होण्याचा विचार एवढ्या उंचीलाही करावा लागतो. दुपारी बुडी मारून संध्याकाळी चोर्ला घाट चढायची घाई कशाला? रात्र इथेच काढा, आपल्या बायकांच्या हातचं जेवून जा. त्यांना आराम, आपल्याला दोन पैसे.

शेवटी पोरांना एक सांगायचं आहे. एक चाचणी बुडी झाली म्हणजे कोणी पाणबुडा होत नाही. कोणाचा तरी सिलिंडर मागून जाळं सोडवायला किंवा शिनाणे काढायला खाली गेलात तर आम्ही स्वतः तुमच्या आईला येऊन सांगू. खरंच आवडलं तर पुढचा कोर्स करा. त्यात दर्यात चार शिकाऊ बुड्या असतात आणि १८ मीटरपर्यंत जायची पात्रता मिळते. त्याच्या पुढे डायव्ह मास्टर होता येतं. आज आपली पोरं दोरी धरायचे पैसे घेतात आणि पाण्याखाली नेणारा बहुतेक बाहेरून आलेला असतो. ओढ कुठून येते, खडक कुठे आहे, जुनं तुटकं जाळं कुठे अडकलंय हे आपल्या पोराला जास्त ठाऊक. मग पाण्याखालचं काम त्याने का करू नये? पण ते शिकून, कागद घेऊन. वाडवडलांच्या नावावर नाही.

येत्या सर्वसाधारण सभेत आम्ही दोन ठराव मांडणार आहोत. एक, पोरांच्या पहिल्या ट्रिपचा अर्धा खर्च सोसायटीने करावा. दोन, वर लिहिलेले होडीचे नियम जो सभासद पाळणार नाही त्याला सोसायटीने पर्यटकांचं काम देऊ नये. दुसऱ्या ठरावावर काही जण रागावतील हे माहीत आहे. रागवा, पण सभेला या आणि समोर बोला.

त्या जुन्या तांडेलांनाही आम्ही बोलावलं आहे. माशाला पोहायला शिकवावं लागत नाही, हे त्यांचं खरं. पण माशाच्या पाठीवर सिलिंडर नसतो.



आपला सेक्रेटरी